केळुसकर मास्तरांना दाखवलेलं बेंगळूर

"समुद्र कुठल्या बाजूला आहे हो?"

हा प्रश्न मला जितक्या पाहुण्यांनी विचारला, तितक्यांनी माझं नावही विचारलं नसेल. मुंबईची, मद्रासची, कलकत्त्याची माणसं ती. संध्याकाळ झाली की पाण्याकडे फिरायला जायचं ही त्यांची जन्माची सवय. मी सांगायची, "इथे समुद्र नाही. हलसूरचं तळं आहे, चला." ते यायचे, काठावर उभे राहायचे आणि सभ्यपणे म्हणायचे, "छान आहे." मला उगाच अपराधी वाटायचं. त्या काळात मी स्वतःही समुद्र पाहिलेला नव्हता. पुढे पाहिला, भाचीच्या लग्नाला मंगळूरला गेले तेव्हा. पण तोवर उशीर झाला होता. कशाला, ते सांगते.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं असताना मी गाइड झाले. आमच्या घरातली बाई बाहेर पडून अनोळखी माणसांना गाव दाखवते, ही गोष्ट चिक्कपेटेत चार दिवस पुरली. आमचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, घरात मराठी, दारात कन्नड, आणि माझं बी.ए. इंग्रजीत झालेलं. वडील गेल्यावर घर माझे थोरले भाऊ, अण्णा, चालवत होते. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांचे वर्गमित्र श्रीनिवासय्या यांचं स्टेशनसमोर पाहुण्यांना गाव दाखवायचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक टेलिफोन आणि राजवाड्याचं चित्र असलेलं कॅलेंडर. बेंगळूरची हवा थंड, म्हणून देशभरच्या परिषदा इथे भरायच्या. डॉक्टरांच्या, रेशीमवाल्यांच्या, ग्रंथपालांच्या. सकाळी प्रतिनिधी एकमेकांना निबंध वाचून दाखवायचे. दुपारी त्यांनी झोपू नये म्हणून आम्ही होतो.

प्रतिनिधींच्या बायकांना फिरवायला बाईमाणूस हवं होतं. श्रीनिवासय्यांनी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "दोन महिने बघू." मी तीस वर्षं काढली.

गाइड म्हणजे बोलणारा माणूस असं लोकांना वाटतं. बोलणं हे त्या कामातलं सगळ्यात सोपं. खरं काम म्हणजे माणसं मोजणं, ड्रायव्हर उपाशी नाही ना ते बघणं, आणि बायकांची सोय कुठे आहे हे ठाऊक असणं. बसवनगुडीत तेव्हा अशी सोय नव्हती. मी तिथल्या एका अक्कांशी ओळख काढली. त्या आपलं परसदार उघडून द्यायच्या, वर सगळ्यांना ताक पाजायच्या. पुष्कळ पाहुण्या बायकांनी परत जाऊन जी पत्रं लिहिली, त्यात राजवाडा नसायचा, त्या ताकाची आठवण असायची.

माणसं विचित्रही भेटायची. एकदा नगरपालिकांच्या इंजिनिअरांची परिषद होती. मी त्यांना लालबागेत गुलाब दाखवत होते आणि मागे वळून बघते तर सगळे एका गटाराच्या झाकणाभोवती गोल करून बसलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपूचा महाल रद्द करून पाणी गाळायचं केंद्र मागितलं. मी तेही दाखवलं. इतके खूश झालेले पाहुणे मी पुन्हा पाहिले नाहीत.

मला वाटायला लागलं होतं की मला हे गाव दाखवता येतं. दीड वर्षात सगळं भाषण पाठ झालं होतं, कुठे हशा येतो तेही माहीत होतं.

मग एक दिवस श्रीनिवासय्या म्हणाले, "इंदिराम्मा, उद्या शिक्षकांची परिषद. वीसेक माणसं. अर्धा दिवस." श्रावणातले दिवस होते, दोन दिवसांनी उघडीप मिळाली होती. सकाळी नऊला मी बसमध्ये चढले, पुढे उभी राहिले आणि इंग्रजीत सुरू केलं, "गुड मॉर्निंग. आता निघाल्यावर उजव्या हाताला आपल्याला दिसेल..."

आणि थांबले. पहिल्या बाकावरच्या गृहस्थांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, बसच्या टपाला लागली होती. शेजारच्यांची मांडीवर. मागच्या बाकावर पांढऱ्या काठ्या एकावर एक टेकवून ठेवलेल्या. अंधशाळांच्या शिक्षकांची परिषद होती ती. बारा जणांना दिसत नव्हतं, बाकीचे त्यांचे सहकारी. श्रीनिवासय्यांनी पत्र अर्धंच वाचलं होतं.

"अय्यो, आता काय करू मी?" असं माझ्या तोंडून मराठीत निघालं.

"बाई मराठी आहेत!" पहिल्या बाकावरचे गृहस्थ हसून म्हणाले. "घाबरू नका. उजव्या हाताला काय आहे ते तुम्ही पाहा आणि सांगा. आम्हीही 'पाहू' असंच म्हणतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

ते केळुसकर मास्तर. मालवणजवळचे. तिथल्याच एका लहान अंधशाळेत वेताचं काम आणि पेटी शिकवायचे. वय तिशीच्या आतलं. लहानपणी देवीत डोळे गेलेले, चेहऱ्यावर त्याचे वण होते. ते नंतर माझ्या लक्षातसुद्धा राहिले नाहीत.

पहिला मुक्काम विधानसौध. नवी कोरी इमारत, अख्ख्या गावाला तिचा अभिमान. मी म्हणाले, "इमारत फार भव्य आहे."

"भव्य म्हणजे किती?" मास्तरांनी विचारलं. "पायऱ्या किती आहेत?"

मला ठाऊक नव्हतं. शेकडो माणसांना मी ती इमारत दाखवली होती, पण एकदाही पायऱ्या मोजल्या नव्हत्या. पहारेकऱ्याची परवानगी काढली. बाराही जण मोजत मोजत वर चढले, खांबांना कवेत घेऊन बघितलं, आणि पायऱ्यांचा आकडा त्यांनी मला सांगितला. माझं सगळं भाषण तिथेच, खालच्या पायरीवर राहिलं.

लालबागेत मी त्यांना खडकावर नेलं. जगातल्या फार जुन्या खडकांपैकी तो एक, असं मी नेहमी सांगायची आणि लोक त्यावर उभे राहून फोटो काढायचे. ही माणसं खाली बसली. तळवे टेकून, बराच वेळ. अंगावर जोराचा वारा येत होता.

"बाई, हा वारा कुठल्या दिशेचा?" मास्तरांनी विचारलं.

"पश्चिमेचा."

ते उठले आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "म्हणजे आमचा समुद्र तिकडे. गावी मला कधी दिशा विचारावी लागत नाही. एका कानाला सतत समुद्र असतो. इथे आल्यापासून मला कळतच नव्हतं, मी कुठे तोंड करून उभा आहे ते."

मी इतक्या जणांना, सकाळी बसमध्ये यांनाही, 'इथे समुद्र नाही' म्हणून सांगितलं होतं. पण समुद्र नसणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बसवनगुडीच्या मोठ्या नंदीला हात लावू द्यावा म्हणून मी पुजाऱ्यांची पुष्कळ विनवणी केली. ते मवाळ होते, पण नियम नियमच. "अम्मा, मलाही वाईट वाटतं. पण आज यांना लावू दिला तर उद्या कुणाला नाही म्हणू?" मग मी सगळ्यांना नंदीभोवती चालवलं. एक हात भिंतीला, पावलं मोजत. एवढी प्रदक्षिणा घालावी लागते म्हणजे मूर्ती केवढी असेल, हे त्यांचं त्यांनीच ताडलं. पुजाऱ्यांनी नंदीच्या खुरांवरची फुलं आणून प्रत्येकाच्या ओंजळीत घातली.

"आता शिंगं सांगा," मास्तर म्हणाले. "सरळ आहेत की वळलेली?"

मला मान वर करून बघावं लागलं. लहानपणापासून त्या देवळात येत होते मी. शिंगं पहिल्यांदा त्या दिवशी पाहिली.

शेवटचा मुक्काम कॅन्टोन्मेंटमधलं रसेल मार्केट. फुलांची, फळांची गल्ली वासानं आणि आवाजानं भरलेली, तेव्हा ती यांना आवडणारच. आवडलीही. परत बसपाशी आल्यावर मी मोजलं तर एक कमी. पुन्हा मोजलं. केळुसकर मास्तर नव्हते.

बाहेर टांगे, सायकली, लष्कराच्या गाड्या. ड्रायव्हर मुनिस्वामी म्हणाला, "अक्का, तुम्ही आत बघा, मी रस्ता बघतो." मी फुलांची गल्ली पालथी घातली, मग फळांची, मग भाज्यांची. "काठीवाले एक गृहस्थ दिसले का?" असं सगळ्यांना विचारत सुटले. शेवटी एका लिंबूवाल्यानं मागच्या बाजूला बोट दाखवलं.

मागे मासळीबाजार होता. मी त्या बाजूला कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पदर नाकाला लावला आणि शिरले.

पावसाळ्यात ताजी मासळी कमी, म्हणून एका कोपऱ्यात सुक्या मासळीच्या टोपल्याच टोपल्या होत्या. तिथे एका उलट्या खोक्यावर केळुसकर मास्तर बसले होते. समोर नाकात मोठी नथ घातलेली एक मासळीवाली. दोघंही मोठमोठ्यानं बोलत होते. मला पाच भाषा येतात असं मी सगळ्यांना सांगायची. त्यांच्या बोलण्यातलं मला अर्धंमुर्धं कळत होतं. ती बाई कारवारकडची होती. नवऱ्याबरोबर बेंगळुरात येऊन वीस वर्षं झालेली, आणि तिच्या भाषेत बोलणारं गिऱ्हाईक तिला आज सापडलं होतं. ती हसत होती आणि मासळीच्याच हातानं डोळे पुसत होती. मास्तर टोपल्यांत हात घालून एकेक उचलून नाव सांगत होते. हे सोडे, हा खारा बांगडा, ही मोरी.

"मास्तर!" मी ओरडले. "अहो, किती शोधलं तुम्हाला! गाडीखाली आला असता तर? माझी नोकरी गेली असती!"

"आधी तो पदर नाकावरून काढा," ते शांतपणे म्हणाले. "शब्द कळत नाहीत."

मी काढला.

"तुम्ही सकाळी म्हणालात, इथे समुद्र नाही. मग हा काय? वास आला आणि पाय आपोआप इकडे वळले. चूक झाली माझी, सांगून यायला हवं होतं." मग त्यांनी एक सुका बांगडा माझ्यापुढे धरला. "हात पुढे करा. मी सकाळपासून तुमचा खडक बघितला, नंदी बघितला. आता तुम्ही आमचं बघा."

मासळीवाली माझ्याकडे बघून हसली. "हिडीरी अम्मा, धरा, चावत नाही तो," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. पाठीकडे खरखरीत, पोटाकडे गुळगुळीत, मिठानं कडक झालेला. घरी गेल्यावर वहिनींनी विचारलं, "हा कसला वास?" मी म्हणाले, "कामाचा."

परिषद आणखी तीन दिवस होती. अंध मुलांना गाव कसं दाखवावं यावर मास्तरांना शाळेसाठी टिपण करायचं होतं. त्यांनी श्रीनिवासय्यांना रीतसर विचारलं, आणि तिन्ही दुपारी मी त्यांच्याबरोबर फिरले. पहिल्या दिवशी रस्ता ओलांडताना मी त्यांचा हात धरून ओढला. ते थांबले. "असं नाही. तुम्ही कोपर द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. मला तुमच्या चालण्यावरून सगळं कळेल." पुढे मी नव्या गाइडांना हे शिकवायची, जणू माझाच शोध.

कब्बन पार्कात आम्ही बॅण्डस्टँडजवळ बसायचो. ते विचारायचे आणि मी सांगायची. झाड कसं आहे, वेलीला किती फुलं आहेत, समोरून कोण चाललंय. सांगण्यासाठी मला बघावं लागायचं. मी म्हणाले, "मास्तर, चोवीस वर्षं या गावात राहून मी हे गाव बघितलंच नव्हतं." ते म्हणाले, "आणि मी इथे येऊन तीन दिवसांत बघितलं." कोपरावर त्यांचा हात होता, रस्ता ओलांडायचा नव्हता तरी.

स्टेशनवर पोहोचवायला मी गेले. गाडी सुटायच्या आधी ते खिडकीशी बसून म्हणाले, "मालवणला या एकदा. समुद्र मी दाखवीन तुम्हाला."

"सरी," मी म्हणाले.

"सरी म्हणजे?"

"म्हणजे... बरं."

महिन्याभरानं ऑफिसच्या पत्त्यावर पत्र आलं. मराठी टाइपरायटरवर त्यांनी स्वतः टाइप केलेलं, कुणाला मजकूर सांगावा लागू नये म्हणून. अक्षरं कुठे कुठे एकावर एक चढली होती. त्यात आडपडदा नव्हता. 'मला दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. घर आहे, काम आहे, आई आहे. तुम्ही सरी म्हणालात, त्याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला असेल तर क्षमा करा. पण मनात असेल तर आई तुमच्या अण्णांना रीतसर लिहील.'

ते पत्र मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. मग अण्णांसमोर ठेवलं. अण्णा नाही म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. कसं रडायचं, काय बोलायचं, सगळं मनात तयार होतं. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"इंदू, माणूस सरळ दिसतो. जात वेगळी, गाव लांब, आणि डोळे नाहीत. लोक बोलतील. लोकांचं मी बघून घेईन. तुझ्या मनात काय आहे ते सांग."

दार बंद असेल म्हणून जोर लावायला गेले आणि ते उघडंच निघालं. भीती मला त्या क्षणी वाटली, त्याआधी नाही. नेमकी कशाची, ते आजही सांगता येत नाही. परक्या गावाची, त्यांच्या आईची, माशांच्या स्वयंपाकाची, की जन्मभर सगळं बघून कुणाला तरी सांगत राहावं लागेल याची? त्या तीन दिवसांत ज्याचा मला इतका आनंद झाला होता, त्याचंच रोजचं ओझं होईल की काय, असं वाटलं.

"नको अण्णा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. वहिनी मात्र रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरताना म्हणाल्या, "स्वल्प थांबून सांगायचं होतंस गं." दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी उत्तर लिहिलं आणि लगेच पेटीत टाकलं, नाहीतर टाकलं गेलं नसतं. माहितीपत्रकासारखं पत्र होतं ते. त्यांचं उत्तर आलं नाही. येण्यासारखं त्यात काही नव्हतंच, असं मी स्वतःला सांगितलं.

काम चालू राहिलं. सांगायला संकोच वाटतो, पण मी चांगली गाइड झाले ती त्यानंतर. डॉक्टरांच्या बायकांना मी फुलबाजारात डोळे मिटून चालायला लावायची. आधी खिदळायच्या, मग गप्प व्हायच्या. खडकावर सगळ्यांना बसवायची. विधानसौधाच्या पायऱ्या मोजायला लावायची. इतर गाइड हसले, आणि वर्षभरात तेही तेच करायला लागले. आता ज्या परिषदा होतात, त्यांचे पाहुणे इलेक्ट्रॉनिक सिटीकडे उतरतात, तिथेच जेवतात, तिथूनच विमानतळावर जातात. त्यांना गाव कुणी दाखवत असेल का, मला माहीत नाही. संपंगी तळ्याच्या जागी तर तेव्हाच मैदान झालं होतं. बुजवायच्या आधी संध्याकाळी तिकडून बेडकांचा आवाज यायचा. हे मी कुणाला सांगू लागले की लोक मला तळं दिसायला कसं होतं ते विचारतात, आवाज कुणी विचारत नाही.

माझं लग्न झालं नाही. स्थळं आली. दोनदा जवळजवळ ठरलंही. पण मी बघायला आलेल्या माणसाबरोबर मनातल्या मनात चालून बघायची, अर्धं पाऊल पुढे राहून. जमायचं नाही.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीला अंधशाळांची परिषद पुन्हा बेंगळुरात आली. या वेळी पत्र मी स्वतः वाचलं. प्रतिनिधींच्या यादीत त्यांचं नाव होतं. सकाळी बसमध्ये उभी राहिले, "गुड मॉर्निंग" एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "इंदिराबाई."

कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. आवाज तोच होता. त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "लग्न झालं माझं. सहा वर्षं झाली. बायको गावच्या दवाखान्यात नर्स आहे. एक मुलगी आहे, चार वर्षांची. बडबडी आहे फार."

"छान झालं," मी म्हणाले. हलसूरच्या तळ्याकडे बघून पाहुणे म्हणायचे तसंच माझं 'छान' निघालं की काय, अशी मला भीती वाटली. पण मला आनंद झाला होता. सगळा नाही, पण झाला होता.

दोन दिवस मी सगळ्यांना फिरवलं. वेगळं बोलणं झालं नाही. शेवटच्या दुपारी बस नेहमीप्रमाणे रेशमाच्या दुकानापाशी थांबली. गाइडला तेवढीच विश्रांती, कारण दुकानातून तासभर कुणी बाहेर येत नाही. मास्तर आत गेले नाहीत. समोर झाडाखाली दगडी बाक होता, तिथे आम्ही बसलो.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. मी अक्षर ओळखलं. माझं होतं. पाकीट फोडलेलं नव्हतं.

"मास्तर, हे..."

"आलं तेव्हा मी पोस्टमनला विचारलं, जाड आहे की पातळ. तो म्हणाला, पातळ. मला उत्तर कळलं. हो असतं तर अण्णांचं पत्र आलं असतं, आईच्या नावानं." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "माझी सगळी पत्रं दुसरंच कुणीतरी वाचून दाखवतं, बाई. कधी भाऊ, कधी पोस्टमन. तुमचं नाही म्हणणं मला पोस्टमनच्या आवाजात ऐकायचं नव्हतं. म्हणून ठेवून दिलं. बायकोला ठाऊक आहे. इकडे यायला निघालो तेव्हा तिनंच बॅगेत घातलं. म्हणाली, ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच वाचून घ्या आणि मोकळे व्हा."

मी पाकीट फोडलं. आत एकच कागद होता, घड्यांवर पिवळा पडलेला. मी वाचायला लागले.

"श्री. केळुसकर यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपले पत्र पावले. सध्या परिषदांचा हंगाम असल्यामुळे कामाचा व्याप फार आहे. मालवण येथे येणे शक्य दिसत नाही. आपल्या शाळेच्या उपक्रमास शुभेच्छा. आपण पुन्हा बेंगळुरास आल्यास आमच्या ऑफिसतर्फे सर्व व्यवस्था करण्यात येईल. कळावे."

वाचताना माझा आवाज मलाच परका वाटला. किती कोरडं लिहिलं होतं मी.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"बघू," म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला, तळव्यानं घड्या सरळ केल्या आणि बोटं वरून खाली फिरवली. काही वाचायला नाही, सहजच, हातात आलेली वस्तू ते जशी बघायचे तशी. कागदाच्या मध्यावर बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच आलं.

"इथे काय आहे?"

मी रिकामं पाकीट हातात उलटसुलट करत राहिले.

"इथे कागद खोल गेलाय. अख्खी ओळ. काहीतरी खोडलंय तुम्ही, निब दाबून. तुम्ही ते वाचलं नाहीत."

ते खोडणं मी विसरले होते, असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. पण विसरले होते. मघाशी वाचताना दिसलं, आणि खोडलेलं कुणी वाचून दाखवत नाही, म्हणून पुढे गेले. त्यांच्या भावानं वाचलं असतं तरी तेच केलं असतं, पोस्टमननंही.

मी कागदावर वाकले. दोन-दोन रेघा मारल्या होत्या, तरी अक्षरं लागत होती.

"'तुम्ही पुन्हा एकदा विचारलंत तर मी येईन,'" मी वाचलं.

रस्त्यावरून एक टांगा गेला. मास्तर अगदी हळू म्हणाले, "पाकीट फोडलं असतं तर इथे काहीतरी खोडलंय हे मला त्याच दिवशी सापडलं असतं. कुणी वाचून न दाखवता."

मुनिस्वामीनं हॉर्न दिला. सगळे पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर यायला लागले, कुणीतरी मला हाक मारली. मास्तर उठले नाहीत. त्यांचं बोट त्या ओळीवरून सावकाश शेवटापर्यंत गेलं, आणि पुन्हा पहिल्या अक्षराशी आलं.